पेटीतली पाचवी चिठ्ठी

जिजींनी चष्मा काढून माइकच्या दांडीला अडकवला, शालीचं टोक गुडघ्याखाली दाबलं आणि काचेपलीकडच्या माणसाला हातानंच खूण केली, की सोड. लाल दिवा लागला.

"उठलात का?" त्या म्हणाल्या. "नसाल उठलात तर पडल्या पडल्या ऐका. आज चौघांचा नंबर आहे. पहिला, पाण्याच्या टाकीखालच्या गल्लीतला फिटर. बाबा रे, वीस दिवस झाले म्हणे तुझ्या तोंडाला वस्तरा लागून. कारखाना बंद झालाय, तोंड नाही. तुझी बायको रोज सकाळी डोळे उघडते, शेजारी अस्वल बघते आणि तरी किंचाळत नाही, म्हणजे धीराची आहे. आज दहाच्या आत दाढी कर. आणि केलीस की घरात बसू नको. केलेली दाढी दाखवायला तरी बाहेर पड."

काचेपलीकडे बटणवाला खाली मान घालून हसू दाबत होता.

"दुसरी, शाळेमागची पॅकिंगवाली. तू नळ सोडून रडतेस, घरच्यांना कळू नये म्हणून. घरच्यांना सगळं कळतं, बये. त्यातल्याच कोणीतरी ही चिठ्ठी टाकलीय. रडायला माझी ना नाही, पण नळ बंद कर. आणि एकटी रडू नको. समोरच्या घरात जा, तिथली पण तेच करतेय. दोघी मिळून रडा, लवकर आटपेल."

पंधरा मिनिटांत चौघांची हजेरी झाली. दिवा विझला. जिजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाहेरच्या खोलीत आल्या.

"एवढ्याच होत्या?" त्यांनी विचारलं.

"एवढ्याच, जिजी," बटणवाला म्हणाला. बोलताना तो बटणांकडे बघत होता.

लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, एवढंच ते रेडिओ केंद्र. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, खालून इस्त्रीची ऊब वर येणारी. गावातला बाटल्यांचा कारखाना बंद पडला आणि सकाळी सहाचा भोंगा वाजेनासा झाला, तेव्हा लोकांना कळलं की आपण इतकी वर्षं घड्याळावर नव्हे, भोंग्यावर उठत होतो. भोंगा गेला तशी माणसं उठेनाशी झाली. मग केंद्रातली निवेदिका रोज सकाळी लाडीगोडीनं सांगू लागली, की आशा सोडू नका, फुलासारखे हसत राहा. आठ दिवस ऐकून जिजींचं डोकं फिरलं. त्या जिना चढून वर गेल्या, दार ढकललं आणि म्हणाल्या, "तुझं ते फूल आधी बंद कर, पोरी. ज्याच्या घरात माणूस आडवा झालाय, त्याला फुलं कसली दाखवतेस? त्याला म्हणावं ऊठ, अंथरूण झटक, दारात उभा राहा. माणसाला हसवायच्या आधी उभं करावं लागतं." माइक चालू होता. हे सगळं गावभर ऐकू गेलं.

निवेदिका गोरीमोरी झाली. पण त्याच दिवशी जेवणवेळेपर्यंत अकरा माणसं जिना चढून विचारायला आली, की त्या बाई परत कधी बोलणार.

तेव्हापासून साडेसहाची पंधरा मिनिटं जिजींची. खाली जिन्यापाशी पत्र्याची पेटी टांगली. घरच्यांनी तिच्यात चिठ्ठी टाकायची, की आमच्या माणसाला चार शब्द ऐकवा. सकाळी बटणवाला चिठ्ठ्या वाचून दाखवायचा, कारण जिजींची शाळा दुसरीत सुटलेली. अक्षरं त्यांना ओळखू यायची, पण सावकाश, जुन्या ओळखीच्या माणसासारखी. नियम दोन होते आणि दोन्ही जिजींनीच घातले होते. नाव घ्यायचं नाही, फक्त काम आणि गल्ली सांगायची. आणि चिठ्ठीशिवाय कोणाला बोलायचं नाही. "मी काय चौकात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडणारी वेडी नाही," त्या म्हणाल्या होत्या. "घरच्यांनी बोलावलं तर येईन."

नाव न घेण्याचा फायदा असा झाला, की टाकीखालच्या गल्लीत फिटर सात निघाले. सातही जणांनी त्या दिवशी दाढी केली. दुसऱ्या दिवशी पेटीत न्हाव्याची चिठ्ठी होती: रोज एखादा फिटर घेत चला. पुढं पुढं तर ज्याला जिजींनी झाडलं त्याला नाक्यावरच्या बाकावर लोक सरकून जागा करून देऊ लागले. एक इलेक्ट्रिशियन बायकोच्या मागं लागला, की माझ्याबद्दल लिही ना, महिना झाला, आपल्या घराचा नंबरच नाही, लोक काय म्हणतील.

सगळ्या गावाचा नंबर लागत होता. एका घराचा लागत नव्हता, आणि कारखान्याच्या कुंपणाशेजारचं ते घर जिजींचं होतं.

जिजींचा थोरला भट्टीवाला. गावात फिटर ढिगानं, पण मोठ्या भट्टीचा मुकादम एकच. काचेची भट्टी रात्रंदिवस तापलेली असते, सणावाराला नाही की कोणाच्या मयताला नाही, ती विझत नाही. ती विझवायचं काम शेवटी त्याच्याच वाट्याला आलं. काम संपवून तो घरी आला, जेवायला बसला आणि जिजी सवयीनं बोलून गेल्या, "घरात बसलेला पुरुष आणि पायात घुटमळणारं मांजर, दोन्हीला सकाळी उठून बाहेर हाकलायचं असतं." एरवी यावर त्याचं उत्तर तयार असायचं. मायलेकांच्या जिभा एकाच सहाणेवर घासलेल्या. घरात रोज एक तरी चकमक व्हायची आणि सून ताट वाढता वाढता हसायची. त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठला, मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. त्याला आता चाळीस दिवस होत आले होते.

त्यानंतर जिजींची जीभ त्याच्या दिशेला वळेना. गावाच्या तोंडावर तोफा डागणारी बाई मागच्या खोलीच्या दाराशी आली की चपला हळू टाकायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं कोणीतरी पाठीमागं म्हणत असणारच. म्हणू देत. जिजींनी मनाशी ठरवून टाकलं होतं: चिठ्ठी आली की बोलायचं. नियम तो नियम. आणि चिठ्ठी टाकायची कोणी, तर त्याच्या बायकोनं. स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांनी मुद्दाम वही आणि पेन ठेवलं. वही दिवसेंदिवस बारीक होत होती, पण ती नात चित्रं काढून संपवत असेल, असं त्यांनी धरलं.

"आज आपल्या गल्लीतलं कोणी नव्हतं," सून म्हणायची. जिजी घरी आल्या की पहिलं वाक्य हेच.

"चिठ्ठी आली नव्हती."

"नव्हती?"

"आली असती तर बोलले असते."

सून डब्याचं झाकण गरजेपेक्षा जास्त जोरात लावायची. जिजींना वाटायचं, बघा, स्वतः दोन ओळी लिहायच्या नाहीत आणि रुसायचं माझ्यावर. पुढं पुढं तर सुनेनं विचारायचंही सोडलं. चहा पुढ्यात ठेवायची आणि पाठ फिरवायची. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात. या घरात दोघी सोनं घेऊन गप्प बसल्या होत्या.

त्या आठवड्यात एका सकाळी आत नेलेलं ताट जसंच्या तसं बाहेर आलं. सुनेनं ते ओट्यावर ठेवलं आणि त्याकडे बघत उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर जिजींना काही सुचलं असतं.

त्या दुपारी सून बाहेर गेल्यावर जिजींनी फळीवरची वही घेतली, दार लोटलं आणि टेबलाशी बसल्या. पाऊण तास गेला. विटेवर वीट ठेवावी तशी अक्षरं रचली: भट्टीवाला. कुंपणाशेजारची गल्ली. उठत नाही. जेवत नाही. खाली कोणी लिहिलं ते लिहायचं नसतंच. मग शाल इस्त्रीला द्यायचं निमित्त काढून त्या लाँड्रीत गेल्या आणि येता येता, कोणी बघत नाही असं बघून, चिठ्ठी पेटीत सोडली. वेळी मान तुकवली तर मोडत नाही, असं त्या दुसऱ्यांना सांगायच्या. दुखते मात्र, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पेटी उघडायची सहाला. दुसऱ्या दिवशी सहा वाजून वीस मिनिटांनी बटणवाल्यानं चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. बस डेपोमागचा ड्रायव्हर, जो दिवसभर पत्ते खेळतो. गोदामाजवळची शिलाईवाली, जिनं मशीनवर चादर टाकून ठेवलीय. दवाखान्यासमोरचा गवंडी. पुलाच्या तोंडचा हमाल, ज्यानं भावाशी बोलणं टाकलंय. त्यानं चारही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या आणि कडा जुळवल्या.

जिजी वाट बघत राहिल्या.

"एवढ्याच?"

"एवढ्याच."

"पेटीत पाच होत्या."

"चारच होत्या, जिजी."

"पाच. पाचवी मी टाकली."

बटणवाल्याचा हात बटणावरून खाली आला. तो चाळिशीचा, शांत, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. वायरींच्या गुंत्यामागं एक खण होता. तो त्यानं ओढला आणि रबर लावलेला गठ्ठा काढून जिजींच्या पुढ्यात ठेवला.

"किती आहेत?"

"एकवीस. तुमची धरून बावीस."

"सगळ्या कुंपणाच्या गल्लीच्या?"

त्यानं मान हलवली. "बहुतेक एकाच अक्षरातल्या आहेत. गोल गोल अक्षर. दोन शेजाऱ्यांच्या. काही पेन्सिलीतल्या. तुमची आजची मला ओळखू आली नाही, गल्ली वाचली आणि बाजूला ठेवली."

"का?"

"पहिली आली तेव्हा वाटलं, तुम्हाला लागेल. सगळ्या गावासमोर स्वतःच्या मुलाचं... मग एक ठेवली म्हणून दुसरी ठेवावी लागली. आणि जिजी, तुमचा आवाज हलला असता तर हे सगळे परत झोपले असते."

जिजींच्या जिभेवर एकदम बारा शिव्या आल्या. त्यातली एकही त्याच्या मापाची नव्हती. सगळ्या त्यांच्याच अंगाला बसत होत्या. त्यानं चिठ्ठ्या लपवल्या होत्या, पण त्यांचं तोंड तर बांधलं नव्हतं. घरात, त्या दाराशी, कुठला लाल दिवा लागायचा होता? त्यांनी पदराला नसलेली चुणी सरळ केली.

गोल अक्षर म्हणजे सून. म्हणजे ती सारखी लिहीत होती, रोज साडेसहाला कान लावून बसत होती, आणि रोज सासू घरी येऊन तोंडावर सांगत होती, की चिठ्ठी आली नव्हती.

"पेन्सिलीतली दे एक," त्या म्हणाल्या.

"मी वाचू?"

"नको."

त्यांनी ओळीखाली बोट ठेवलं. शब्दाला शब्द जोडायला वेळ लागला. घड्याळात साडेसहाला दोन मिनिटं कमी होती. आजी, बाबांना पण बोल. ते साडेसहाला जागे असतात. भिंतीकडे तोंड करून ऐकतात. आपला नंबर येत नाही.

जिजींनी चिठ्ठीची घडी केली आणि आत जाऊन बसल्या. लाल दिवा लागला.

"उठलात का?" त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. "आज एकच चिठ्ठी आहे. बाकीच्या चौघांनी उद्यापर्यंत दम धरा. इतके दिवस पडून आहात, एका दिवसानं अंगाला मुंग्या लागत नाहीत. कुंपणाशेजारच्या गल्लीतला भट्टीवाला."

यावेळी कोण, असा प्रश्न गावात कोणालाच पडणार नव्हता. काचेपलीकडे निवेदिका दाराशी येऊन उभी राहिली होती.

"बाबा रे, भट्टी तू विझवलीस. ती विझवायचं ठरवणारे कागदावर सही करून मोटारीत बसून गेले, मागं राहिलास तू. अकरा दिवस तिथंच झोपलास. रोज थोडी थोडी आच उतरवलीस. घाई केली असतीस तर आतल्या विटा तडकल्या असत्या, आणि ते धूड आज भंगारात असतं. ती थंड आहे, पण अखंड आहे. उद्या कोणी पेटवायला आला तर पेटेल. असं काम करून तू घरी आलास, आणि शाबासकी राहू दे, तुला कोणी धड जेवूसुद्धा दिलं नाही.

तुझ्या आईला मी चांगली ओळखते. तोंडाची तिखट आणि ऐन वेळेला मुकी. तू ताटावर बसलास तर तिनं तुला मांजराची गोष्ट सांगितली. अक्कल गहाण टाकलेली बाई. तिचं काय करायचं ते मी बघते.

आता तुझं. चाळीस दिवस भिंतीकडे तोंड करून पडलायस. भिंत काही बोलली का? नाही बोलायची. तिला तोंड असतं तर तिनंच तुला बाहेर काढलं असतं. बायको लिहून लिहून थकली, पोरगी पेन्सिल झिजवतेय, आणि हा बाबा दुपारी बारा-बारा वाजेपर्यंत लोळतोय. असला आळशी माणूस माझ्या घरात आजवर जन्मला नव्हता."

माझ्या, हा शब्द गेला तो गेला. तो परत घ्यायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

"ऊठ," त्या म्हणाल्या, आणि बटणवाल्याकडे बघून हात हलवला.

दहा मिनिटं शिल्लक होती. बटणवाल्यानं कसलीतरी बासरी लावली.

जिजी गठ्ठा घेऊन जिना उतरल्या. लाँड्रीवाल्यानं शाल घडी करून ठेवली होती, ती देताना त्यानं वर बघितलं नाही. त्या रोजच्या वाटेनं गेल्या नाहीत. डेपोवरून वळल्या, मग दवाखान्यावरून. वाटेत गवंडी पायरीवर बसलेला दिसला, तो उठून उभा राहिला. जिजींनी मान डोलावली आणि पुढं गेल्या. जितकं लांबून जाता येईल तितकं त्या गेल्या. गावात सगळ्या गल्ल्या संपल्या तेव्हा आपली गल्ली आली.

सून दारातच उभी होती. जिजींनी तिच्या हातात गठ्ठा ठेवला.

"या आज मिळाल्या. त्या शहाण्यानं खणात घालून ठेवल्या होत्या. माझं मन जपत होता."

सुनेनं रबर सरकवलं, कडेवरून अंगठा फिरवला. वरचीच पाचवी चिठ्ठी होती, विटांसारख्या अक्षरांची. ती तिनं दोनदा वाचली.

"मला वाटलं, तुम्ही—"

"मला पण वाटलं, तू." जिजींनी चपला काढल्या. "आपण दोघी काही वाटून घेण्यात हुशार."

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. अंथरूण खाटेवरून अर्धं लोंबत होतं. खोलीत कोणी नव्हतं.

"कुठंय?"

"गेलेत."

"कुठं गेला?"

"तुमच्याकडे. रेडिओवर." सुनेच्या तोंडावर काय आहे ते जिजींना चटकन ओळखू येईना, त्या घरात ते बरेच दिवसांत दिसलं नव्हतं. "म्हणाले, बारापर्यंत मी एक दिवस लोळलो नाही. नऊच्या पुढं कधी पडलो असेन तर दाखवा. आणि आई सगळ्या गावाला खोटं सांगतेय, बघतोच म्हणाले तिच्याकडे."

"चिडला होता?"

"लालबुंद."

जिजी खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"तोंड धुतलं?"

"कुठलं. बूट घातले, नाड्या न बांधताच पळाले. तुम्हाला वाटेत भेटले नाहीत?"

"मी लांबून आले."

"मग आता?"

"मग काय. तिथं मी नाही म्हटल्यावर दुप्पट चिडून येईल. तू पाणी दे मला आधी. घसा सुकलाय, आणि तो दोन वाक्यांत हार मानणारा नाही."

सुनेनं पेला भरून दिला. एवढ्यात फाटकाची कडी वाजली, जोरात, आणि बूट फरशीवर फटफटत आले.

"आई," तो बाहेरूनच म्हणाला, "बारा कोणी सांगितलं तुला?"

जिजींनी पेला तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्यायल्या.